संगणकाची पदवी: प्रवेशाआधी पाहायच्या गोष्टी

धाराशिव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी संगणकशास्त्र शिकवते. जून ते ऑगस्ट या काळात वर्गात शिकवण्यापेक्षा वर्गाबाहेर समजावून सांगण्याचं काम जास्त असतं. भूम, परंडा, वाशी, लोहारा, उमरगा अशा तालुक्यांतून मुलं-मुली आईवडिलांना घेऊन येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "मॅडम, कम्प्युटरला घालायचंय, कोणता कोर्स चांगला?" बी.एस्सी., बी.सी.ए., बी.टेक., डिप्लोमा, ऑनलाइन पदवी या सगळ्यांना ते एकाच नावानं ओळखतात. पण या प्रत्येकाची पात्रता वेगळी आहे, प्रवेशाची तऱ्हा वेगळी आहे आणि त्यानंतर काय करता येईल तेही वेगळं आहे. प्रवेशाच्या दिवशी हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. तीन वर्षांनी पुढच्या शिक्षणाचा अर्ज भरताना 'पात्र नाही' असं उमटतं, तेव्हा येतो. तो आधीच लक्षात यावा, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

१. पहिला निर्णय अकरावीत होऊन जातो

आमचा जिल्हा नीटच्या शिकवण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या लातूरला लागून. त्यामुळे दहावीला बरे गुण मिळाले की घरात वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट'चं बोलणं सुरू होतं. मुलगा किंवा मुलगी अकरावीला भौतिक, रसायन, जीव असे विषय घेते आणि गणित सोडते. दोन वर्षांनी नीटचा निकाल मनासारखा लागत नाही, मग घरचे म्हणतात, आता कम्प्युटर इंजिनिअरिंग करू. पण बी.टेक.साठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय असावेच लागतात, आणि राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेतही गणिताचा गट द्यावा लागतो. गणित सोडलेल्या मुलासाठी तो रस्ता अकरावीतच बंद झालेला असतो.

ज्या मुलाचं मन पक्कं नाही, त्यानं जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवावं, असं मी प्रत्येक घराला सांगते. ओझं वाढतं, हे खरं. पण सीईटीचे दोन्ही गट देता येतात आणि दोन्ही बाजू मोकळ्या राहतात. ज्याला संगणकाकडंच जायचं आहे त्याला काही कनिष्ठ महाविद्यालयांत बायफोकलचा 'कॉम्प्युटर सायन्स' हा २०० गुणांचा विषय मिळतो. तो घेतलेली मुलं आमच्याकडं पहिल्या वर्षाला येतात तेव्हा त्यांना प्रोग्रॅमिंगची भीती नसते, हे मी दरवर्षी पाहते.

सीईटीच्या गणिताबद्दल एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. भौतिक, रसायन आणि गणित यांचे प्रत्येकी ५० प्रश्न असतात, पण गणिताच्या प्रश्नाला दोन गुण आणि बाकीच्यांना एक. म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. साधारण २० टक्के भाग अकरावीचा असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बारावीला आवश्यक विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात. ही अट अवघड नाही. अवघड आहे ते अकरावीचं वर्ष वाया न घालवणं.

२. नावं सारखी वाटतात, पदव्या वेगळ्या आहेत

बी.एस्सी. संगणकशास्त्र ही विज्ञान शाखेची पदवी. जिल्ह्यातली कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठ १९५८ सालचं, मुख्य परिसर छत्रपती संभाजीनगरला आणि एक उपपरिसर आपल्या धाराशिवला. बी.एस्सी.ला बारावी विज्ञान लागतं, प्रवेश बहुतेक ठिकाणी बारावीच्या गुणांवर महाविद्यालयातच होतो. अभ्यासात सिद्धांताचा भाग जास्त, शिवाय गणित, संख्याशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्सची जोड.

बी.सी.ए. ही उपयोजनाची पदवी. व्यवसायात संगणक कसा वापरतात, वेबसाइट कशी उभारतात, डेटाबेस कसा चालवतात, असा तिचा भर. कला आणि वाणिज्य शाखेची मुलंही इथं येऊ शकतात, हा तिचा मोठा गुण आहे. परंड्याहून आलेल्या, वाणिज्य शाखेच्या एका मुलानं जीएसटीची बिलं लिहिणारं छोटं सॉफ्टवेअर शेवटच्या वर्षाला केलं. विज्ञानाच्या मुलांना ते सुचलं नसतं, कारण हिशेब त्याला आधीच येत होता.

बी.टेक. चार वर्षांचं. जिल्ह्यात धाराशिवला तेरणा ट्रस्टचं आणि तुळजापूरला श्री तुळजाभवानी मंदिर संस्थानचं, अशी ऐंशीच्या दशकापासूनची अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. एका देवस्थानच्या उत्पन्नातून आपल्या भागात इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं, याचा मला अभिमान वाटतो. आता ही महाविद्यालयं मराठवाडा विद्यापीठाकडं नसून लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाकडं आहेत. दोन्ही विद्यापीठांच्या नावांत बाबासाहेब असल्यामुळं अर्ज भरताना पालकांचा गोंधळ होतो, म्हणून मुद्दाम सांगते.

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. शेतकरी घरातल्या मुलांना हा मार्ग मी आवर्जून सांगते. तीन वर्षांनी हातात एक पूर्ण पात्रता येते, नोकरी करायची तर करता येते आणि शिकायचं तर पुढचं दार उघडं असतं. मात्र तंत्रनिकेतनात कोणती शाखा आहे ते पाहूनच अर्ज करावा.

या सगळ्यांच्या पोटात काही विषय तेच असतात: डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क. माझं मत स्पष्ट आहे. हे चार विषय ज्यानं नीट केले त्याची पदवी कोणतीही असली तरी तो मुलाखतीत उभा राहतो, आणि ज्यानं ते गाइड वाचून काढले त्याला बी.टेक.सुद्धा फारसं तारत नाही.

३. बी.सी.ए.ला आता सीईटी आहे

२०२४-२५ पासून बी.सी.ए. आणि बी.बी.ए. हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. पहिल्या वर्षी आमच्या भागातल्या बहुतेक घरांना हे कळलंच नाही. बारावीचा निकाल घेऊन मुलं जूनमध्ये आली तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. जागा रिकाम्या राहिल्यामुळं त्या वर्षी पुन्हा एक जादा परीक्षा घ्यावी लागली. पण दुसऱ्या संधीच्या भरवशावर कुणी राहू नये.

परीक्षा अवघड नाही. इंग्रजी, तर्कबुद्धी, सामान्य ज्ञान आणि संगणकाची प्राथमिक माहिती एवढंच असतं, आणि त्यात इंग्रजीचा वाटा सर्वांत मोठा. फॉर्म मात्र बारावीच्या परीक्षेच्या आगेमागे निघतात आणि त्या गडबडीत राहून जातात.

आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. सीईटी आल्यावर बऱ्याच ठिकाणी मिळत्याजुळत्या विषयांचे, पण वेगळ्या नावांचे अभ्यासक्रम सुरू झाले, ज्यांना सीईटी लागत नाही. त्यांत वाईट काहीच नाही, काही चांगलेही आहेत. पण प्रवेश घेताना दोन प्रश्न विचारा: गुणपत्रिकेवर पदवीचं नाव नेमकं काय छापून येणार? आणि हा अभ्यासक्रम कुणाच्या मान्यतेचा आहे? उत्तर तोंडी न घेता विद्यापीठाच्या संलग्नतेच्या पत्रात पाहा.

४. पुढची पात्रता आधी वाचा

या लेखात सगळ्यात महत्त्वाचं जर काही असेल तर हेच. ओल न बघता कुणी पेरत नाही, पण पुढची पात्रता न बघता पदवीला प्रवेश घेणारी घरं मला दर वर्षी भेटतात.

एम.सी.ए. आता दोन वर्षांचं आहे. बी.सी.ए. किंवा संगणकाची पदवी असेल तर थेट पात्रता मिळते. साधी बी.एस्सी., बी.कॉम. किंवा बी.ए. असेल तर बारावीला किंवा पदवीला गणित असावं लागतं. पदवीला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५ टक्के आणि राज्याची सीईटी. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं.

पण एनआयटीमधल्या एम.सी.ए.साठी 'निमसेट' ही वेगळी परीक्षा आहे. तिला पदवीत गणित किंवा संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो आणि खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. प्रश्नपत्रिकेतही गणिताचंच वजन मोठं. बी.सी.ए. निवडताना त्या महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात गणिताचे पेपर आहेत की नाहीत, हे कुणी पाहत नाही. एनआयटीत एम.सी.ए. करायचं स्वप्न असेल तर ते पहिल्याच दिवशी पाहायला हवं. विप्रोसारखी कंपनी बी.सी.ए., बी.एस्सी. झालेल्यांना नोकरी देऊन सोबत एम.टेक. शिकवते, तिथंही पदवीतल्या गणिताकडं पाहतात.

कळंब तालुक्यातली एक मुलगी आमच्याकडं होती. हुशार, कष्टाळू, बी.सी.ए.ला पहिल्या काही मुलांत. तिच्या मनात सी-डॅकचा पी.जी.-डॅक अभ्यासक्रम भरला होता, कारण गावातल्या एका दादाला तो करून पुण्यात चांगली नोकरी लागली होती. शेवटच्या सत्रात आम्ही दोघींनी पात्रता उघडून वाचली, तेव्हा तिथं अभियांत्रिकीची पदवी, एम.सी.ए. किंवा संगणकातली एम.एस्सी. अशी मागणी दिसली. नुसत्या बी.सी.ए.वर तो होत नव्हता. गावातला तो दादा इंजिनिअर होता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं एम.सी.ए. केलं आणि आज ती चांगल्या ठिकाणी काम करते. पण दोन वर्षं जादा लागणार, ही गोष्ट तिच्या वडिलांना आधी माहीत असती तर त्यांनी कर्जाचा हिशेब वेगळा मांडला असता.

गेट ही परीक्षा पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून देता येते, बी.एस्सी.च्या मुलांनाही. पण एम.टेक.ला प्रवेश घ्यायचा तर चार वर्षांची अभियांत्रिकीची पदवी किंवा एम.सी.ए., एम.एस्सी.सारखी पदव्युत्तर पदवी लागते. परदेशी जायचं असेल तर अमेरिकेतली अनेक विद्यापीठं १६ वर्षांचं शिक्षण मागतात, म्हणजे तीन वर्षांची पदवी तिथं कमी पडते. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर मात्र कोणतीही मान्यताप्राप्त पदवी चालते. राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलानं केवळ नावासाठी महागडं बी.टेक. करू नये, असं मला मनापासून वाटतं.

कंपन्यांचंही एक आहे. कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडं ६० टक्के मागतात. बारावीला कमी गुण पडले म्हणून मुलगा निराश होतो, पण त्याला हे पदवीच्या शेवटच्या वर्षी कळण्यापेक्षा पहिल्या वर्षी कळलेलं बरं. ज्या कंपन्या अशी अट घालत नाहीत त्यांच्यासाठी तीन वर्षं तयारी करता येते.

५. क्रेडिट समजून घ्या, पालकांनीसुद्धा

नवं शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं आणि गुणपत्रिका बदलली. मुख्य विषय, उपविषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्याचा पेपर, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण अशा रकान्यांनी ती भरलेली असते. त्याचं गणित सोपं आहे. वर्गातले १५ तास म्हणजे एक क्रेडिट, प्रयोगशाळेतले ३० तास म्हणजे एक क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६ क्रेडिट लागतात. चौथं वर्ष संशोधनासह करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. ऑनर्स केलेल्याला पुढं एम.एस्सी. एका वर्षात करता येते.

पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन थांबता येतं, त्यासाठी कौशल्याचे थोडे जादा क्रेडिट करावे लागतात. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. पहिल्या वर्षानंतर घरच्या अडचणीनं थांबलेली एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आहे. आधीच्या पद्धतीत तिचं वर्ष कागदोपत्री संपलं असतं. आता तिचे क्रेडिट डिजिलॉकरशी जोडलेल्या क्रेडिट बँकेत जमा आहेत. थांबावं लागलं तर पोरींनो, निदान ते खातं उघडून क्रेडिट जमा झालेत याची खात्री करून घ्या. परत यायचं त्याच बळावर आहे.

उपविषय निवडताना मैत्रीण काय घेते ते पाहू नका. गणित किंवा संख्याशास्त्र मिळत असेल तर ते घ्या. कारण चौथ्या मुद्द्यात सांगितलंच आहे.

६. सोलापूर जवळ, पण विद्यापीठ दुसरं

तुळजापूरच्या मुलाला सोलापूर तासाभराच्या अंतरावर आहे आणि उमरग्याच्या मुलाला लातूर जवळचं वाटतं. पण सोलापूरला वेगळं विद्यापीठ आहे, लातूर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात येतं. अभियांत्रिकीच्या प्रवेशात बहुतेक जागा 'होम युनिव्हर्सिटी' आणि बाहेरचे अशा ७० आणि ३० टक्क्यांत विभागलेल्या असतात, आणि तुमची होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कुठून पास झालात त्यावरून. धाराशिवचा मुलगा लातूरला राहून बारावी करतो, तेव्हा त्याची होम युनिव्हर्सिटी बदलते, आणि घरी कुणाला ते माहीत नसतं. लातूर पॅटर्नला मुलगा पाठवताना हाही हिशेब मांडावा. कधी तो फायद्याचा ठरतो, कधी तोट्याचा. यादी पाहताना एकाच महाविद्यालयाचे दोन वेगळे कट-ऑफ दिसतात ते यामुळं.

ऑप्शन फॉर्म भरताना अगदी पहिल्या क्रमांकावर काय लिहिता, याला फार महत्त्व आहे. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला तर तीच जागा घ्यावी लागते, पुढच्या फेऱ्यांत बसता येत नाही. म्हणून नेट कॅफेत बसून घाईनं क्रम लावू नका. घरी कागदावर क्रम लिहा, सकाळी पुन्हा वाचा, मग भरा.

७. कागद आणि पैसा

प्रवेशाच्या फेऱ्या आणि सोयाबीनची पेरणी एकाच वेळी येतात. बियाणं, खत यांत पैसा गेलेला असतो आणि त्याच आठवड्यात फीची पावती समोर येते. आपला जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, ते उगीच नाही. त्यामुळं या मुद्द्याकडं मी फार गांभीर्यानं बघते.

शिष्यवृत्त्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत. महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर अर्ज करावा लागतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ते निम्मं होतं. शेतकरी, मजुरांच्या मुलांना वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख योजना आहे, अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना आहे. मात्र व्यावसायिक अभ्यासक्रमात या सवलती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, फेरीतून आलेल्यांना मिळतात. संस्थेच्या कोट्यातून जागा घेतली की सवलत गेली. "थांबायला कशाला, सीट लगेच देतो" असं कुणी म्हणालं तर हे आठवा.

खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती सार्वजनिक असते. त्याहून जादा मागितली तर पावती मागा. मूळ कागद महाविद्यालयानं अडकवून ठेवायचे नाहीत, असे यूजीसीचे निर्देश आहेत.

कागदांमध्ये सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती जातपडताळणीत. जात प्रमाणपत्र असलं म्हणजे काम झालं, असं घरच्यांना वाटतं. पडताळणीचं प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी, वेगळी. तिचा अर्ज बारावीला असतानाच, महाविद्यालयाच्या पत्रासह जिल्हा पडताळणी समितीकडं जायला हवा. आजोबांचा किंवा पणजोबांचा जुना शाळेचा दाखला शोधण्यातच महिने जातात. आपला भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, काही जुन्या नोंदी उर्दूत आणि मोडीत आहेत, त्या वाचून घेण्यालाही वेळ लागतो. नॉन-क्रिमीलेयर ३१ मार्चपर्यंत चालणारं आहे ना, तेही पाहा. असे दाखले काढायच्या सेतू केंद्रात मे महिन्यात गर्दी कमी असते.

८. घरबसल्या पदवी: काही खऱ्या, काही खोट्या

आयआयटी मद्रासनं २०२० मध्ये डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली. जेईई लागत नाही. बारावी कोणत्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी हवं. आधी चार आठवडे अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची. पुढं पायाभूत टप्पा, मग डिप्लोमा, मग ११४ क्रेडिटला बी.एस्सी. आणि १४२ क्रेडिटला चार वर्षांची बी.एस. पदवी. शिकणं ऑनलाइन, पण मुख्य परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना फीत ७५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. अभ्यास कडक आहे, बरीच मुलं पहिल्या टप्प्यातच थांबतात. पण कळंबच्या किंवा भूमच्या मुलाला आयआयटीचा अभ्यासक्रम घरात मिळतो, ही साधी गोष्ट नाही. २०२२ पासून यूजीसीनं एका वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. जवळच्या महाविद्यालयात बी.एस्सी. आणि सोबत ही, असं करणारी मुलं मी पाहिली आहेत.

नोकरी करता करता शिकणाऱ्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू आहेत.

याउलट लोहारा तालुक्यातल्या एका घरानं शहरातल्या एका क्लासमध्ये 'संगणक पदवी' म्हणून पैसे भरले होते. परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं केंद्र असल्याचा फलक तिथं होता. दूरशिक्षण देणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची (डीईबी), त्या त्या अभ्यासक्रमासाठी मान्यता लागते आणि विद्यार्थ्याला डीईबी आयडी काढावा लागतो. त्या केंद्रात यातलं काहीच नव्हतं. पैसे परत मिळाले नाहीत. यादी यूजीसीच्या संकेतस्थळावर आहे, पाहायला दहा मिनिटं लागतात.

९. एमएस-सीआयटी म्हणजे संगणकशास्त्र नव्हे

गावात ज्यांनी एमएस-सीआयटी केलं आहे ते संगणक शिकलेले मानले जातात. तो कोर्स चांगला आहे, संगणक वापरायला शिकवतो. संगणकशास्त्र म्हणजे संगणकाला काय करायचं ते सांगायला शिकणं. पहिल्या सत्रात सी भाषा आली की मुलं गोंधळतात ती इथंच. मी त्यांना कागदावर प्रोग्रॅम चालवून पाहायला लावते: प्रत्येक ओळीनंतर प्रत्येक व्हेरिएबलची किंमत पेन्सिलीनं लिहायची. घरी लॅपटॉप नसला तरी हे करता येतं, आणि ज्यांनी ते मनापासून केलं ती मुलं नंतर मागं पडली नाहीत.

इंग्रजीची भीती मात्र खरी आहे. सेमी-इंग्रजीची मुलंसुद्धा पहिले काही महिने गप्प असतात. पिंपरी-चिंचवडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात २०२१ पासून संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्याची सोय झाली, याचं मी स्वागत करते. पण एरर मेसेज इंग्रजीतच येणार. रोज एक पान इंग्रजी वाचा, वर्षभर.

१०. पुण्याला जायचं की नाही

हा प्रश्न प्रत्येक आईच्या चेहऱ्यावर असतो. पुण्यात संधी जास्त, कंपन्या शेजारी, सोबत चांगली. पण खोली, मेस आणि प्रवास मिळून होणारा खर्च फीपेक्षा मोठा होतो आणि मुलगा पार्टटाइम कामात अडकतो. माझं मत असं: पदवी जिल्ह्यात करा, पदव्युत्तर शिक्षणाला बाहेर जा. पदवीत पाया घालायचा असतो आणि तो इथंही घातला जातो, शिक्षक तुम्हाला नावानं ओळखतात. एसटीत मुलींना निम्मं तिकीट आहे, रोज घरी येता येतं. मुलीच्या बाबतीत तर घरच्यांचा विरोधही त्यानं कमी होतो. बी.टेक.ला मात्र पुण्यात शासकीय किंवा चांगल्या जुन्या महाविद्यालयात जागा मिळत असेल तर ती सोडू नका, कर्ज काढावं लागलं तरी जा.

शेवटी एक विनंती, आणि ती माझ्या शाळांमधल्या सहकाऱ्यांना आहे. संगणकाच्या पदवीचा खरा निर्णय दहावीच्या निकालाआधी घेतला जायला हवा, आणि तोपर्यंत ती मुलं आमच्यापर्यंत पोहोचत नाहीत, तुमच्या वर्गात असतात. फेब्रुवारीत एक तास काढा. गणित सोडल्यानं कोणते रस्ते बंद होतात, डिप्लोमा काय असतो, जातपडताळणीचा अर्ज कधी करायचा, एवढं फळ्यावर लिहा. कुणी बोलायला हवं असेल तर जवळच्या महाविद्यालयातल्या संगणक विभागाला बोलवा. आम्ही येतो.